हारांविना उतरलेला कळप

झुरिक, २६ मे

ती. बाबांना लाडीनाचा नमस्कार, वि. वि.

आमच्या प्रयोगशाळेतून बार्तोचा निकाल आला. आपला वळू देखणा आहे, पण त्याच्या वीर्यातल्या बहुतेक पेशी वाकड्या आणि मंद आहेत. चूक चाऱ्याची नाही, तुमचीही नाही. दोष रक्तातला आहे. आई आणि बाप दोघांकडून आला तरच तो वळूत दिसतो. बार्तोचा दोन्हीकडचा आजा एकच: आपल्या स्वयंपाकघरातल्या फोटोतला जुना वळू, साल्वान. गाईंना काही होत नाही, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही.

त्याला कालवडींबरोबर डोंगरावर नेऊ नका. शेजाऱ्यांना सांगा. माझ्यावर रागवा, पण सांगा.

माया आटू देऊ नका.
तुमची लाडीना

डोंगरावरून, १९ जून

चि. लाडीनास आशीर्वाद.

तुझं पत्र आईने मोठ्याने वाचलं, मी उठून गोठ्यात गेलो. पदवीधर बाई, साल्वानच्या जिवावर आपण छप्पर घातलं, तुझी फीही त्यानेच भरली. आता त्याचंच रक्त नासकं? बार्तो इथे आल्या आल्या कामाला लागलाय. शेजारचा गियान विचारत होता, लेक काय म्हणते. म्हटलं, जेवायला वेळ नाही म्हणते.

चीज पाठवतोय. ते तरी तपासू नकोस.

तुझा बाबा

झुरिक, ८ जुलै

ती. बाबांना नमस्कार, वि. वि.

चीज संपलं. तपासलं नाही. पण लोकांनी तुमच्या शब्दावर कालवडी सोडल्यात. फळलेली कालवड पुन्हा माजावर येते का, एवढंच बघा. मी खोटी ठरले तर मलाच आनंद होईल.

लोभ असू द्या, रागासकट.
लाडीना

डोंगरावरून, १४ ऑगस्ट

चि. लाडीनास आशीर्वाद.

गियानची कालवड उलटली, पुन्हा माजावर आली. म्हटलं, ऊन फार आहे. मग आपली उलटली. आता रोज एखादी हंबरत कुंपणाशी येते. बार्तो नेमाने कामाला उठतो, बिचारा. माझ्याने तिकडे बघवत नाही. अजून कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा

घरून, २१ सप्टेंबर

लाडीना,

कळप उतरला. यंदा डोंगरावर एकही जनावर दगावलं नाही, म्हणून बायकांनी हार करून ठेवले होते. मी एकाही कालवडीला फूल बांधू दिलं नाही. फुलांविना कळप म्हणजे सुतक; लोकांनी टोप्या काढल्या. गियानने विचारलं, काका, कोण गेलं? म्हटलं, गेलं कुणी नाही. येणारंच कुणी नाही. डॉक्टरने हात घालून पाहिलं, सगळ्या रिकाम्या.

मग चौकात तुझं पहिलं पत्र वाचून दाखवलं. कुणी शिवी दिली नाही. गियान एवढंच म्हणाला, मे महिन्यातलं आहे हे?

तेव्हापासून तो आमच्या दारावरून जात नाही. पण काल त्याच्या बायकोने कुंपणापलीकडून विचारलं, आमच्या गोऱ्ह्यातही हा दोष असेल का? आता तूच सांग, साल्वानचं रक्त कुठल्या गोठ्यात नाही?

रक्त तपासायच्या नळ्या घेऊन ये. जास्त आण.

बाबा