कठड्याजवळच्या बाईचे अंक

मी, जुन्या वर्तमानपत्रांच्या दुकानाची सध्याची मालकीण, अविवाहित, पूर्ण शुद्धीत असताना, कुणाच्या धाकाने किंवा भरीला पडून नव्हे तर आपल्या मनाने हे मृत्युपत्र लिहिते. उद्या माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगं, रोजचंच काम आहे हे." त्यांचे रोजचे असेल, माझे पहिलेच आहे. यापूर्वीचे कच्चे खर्डे मी फाडले आहेत. एखादा तुकडा कुठे सापडल्यास तो ग्राह्य धरू नये.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या धाकट्या भावाला मिळावी. न्हाणीघराच्या छताला गळती आहे. ती लपवून घर देणे मला बरे वाटत नाही, म्हणून लिहून ठेवते.

२. दुकान आणि त्यातला माल भावजयीला मिळावा, भावाला नव्हे. तो कागदाची घडी अशी उलगडतो की जणू चादर झटकतोय. भावजयीने एक रीत मोडू नये. लोक वाढदिवसाची भेट म्हणून जन्मतारखेचा अंक मागतात. पण त्या अंकात आदल्या दिवशीच्या बातम्या असतात. माणूस जन्मले त्या दिवशी जगात काय घडले, ते दुसऱ्या दिवशी छापून येते. म्हणून आपल्याकडे दोन्ही अंकांची जोडी देतात, एकाच्याच किमतीत. भाऊ याला आतबट्ट्याचा धंदा म्हणतो. म्हणू दे. आणि देण्याआधी दोन्ही अंक पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचावेत. कुणाच्या साठीच्या भेटीतून त्याच्याच घरातली मरणाची बातमी निघू नये.

३. भिंग, मऊ ब्रश आणि घडी सपाट करायची हाडाची पट्टी भावजयीला. तराजू रद्दीवाल्याला. त्याने कधी काटा मारला नाही. मारला तर बाबांनीच, तोही त्याच्या बाजूने.

४. आता लोखंडी कपाटाबद्दल. किल्ली माझ्या गळ्यात असते. भावाला आत काय आहे ते ठाऊक नाही, कारण हे घडले तेव्हा तो पाळण्यात होता.

नदीवरचा नवा पूल खुला झाला, त्या दिवशी आई घरातून गेली आणि परत आली नाही. दुसऱ्या दिवशीच्या अंकात पहिल्या पानावर पुलाचा फोटो होता. गर्दीतले सगळे फीत कापणाऱ्या पाहुण्यांकडे पाहत आहेत. कठड्याजवळ उभी एक बाई तेवढी फोटो काढणाऱ्याकडे पाहते आहे. ती आई. बाबांनी मला तसे दाखवले. घरात तिचा दुसरा फोटो नाही. लग्नाचा अल्बम ती जाताना घेऊन गेली.

छापताना शाई कमीजास्त होते, त्यामुळे कोणतेही दोन अंक हुबेहूब एक नसतात. एका अंकात आईचे तोंड मिटलेले आहे, दुसऱ्यात ओठ उघडू पाहत आहेत. बाबांना वाटू लागले, एखाद्या अंकात ती काय म्हणत होती ते कळेल. ते तेव्हा बस डेपोत नोकरीला होते. सुटीच्या दिवशी रद्दीची दुकाने पालथी घालायचे. एक तारीख हवी असली तरी गठ्ठा सगळा उचलावा लागतो. नको असलेल्या तारखा घरात साठल्या. त्या आधी ओळखीच्यांना वाढदिवसाला दिल्या, मग विकायला काढल्या, आणि दुकान उभे राहिले. लोकांनी हौसेने भेट दिले, चौकटीत लावले, ते सगळे आमच्या शोधातून उरलेले दिवस होते.

मला अक्षरओळख शाळेआधी घरी झाली, मथळ्यांवरून. भिंग धरायला त्याही आधी शिकले. बाबा विचारत, "बघ गं, ह्यात ती काही बोलतेय का?" मी अजूनही बघते. दुकान बंद करताना कपाटातून कागद सरकल्याचा आवाज येतो. कागद हवेने फुगतो-आकसतो, मला माहीत आहे. तरी मी "आले गं" म्हणते.

कपाटातले हे सगळे अंक माझ्याबरोबर जाळावेत. भावाने ते उघडू नयेत. त्याला भिंग धरता येत नाही ते बरेच आहे.

५. यातला एक अंक काकांनी टिकाऊ होईल म्हणून प्लास्टिकमध्ये बंद करून आणला होता. आत कागद तपकिरी पडत गेला आणि आईचा चेहरा विरघळल्यासारखा झाला. तो काकांना द्यावा. ज्याचे त्याला. दुसरा एक त्यांनी बाबा नसताना गल्ल्यावर बसून विकला. वाचून देण्याचा नियम तेव्हापासूनचा.

६. तो अंक समोरच्या शिंपीकाकांकडे आहे. त्यांची मुलगी पुलाच्याच दिवशी जन्मली. ती लग्न होऊन गेली, चौकट भिंतीवर राहिली. मी त्यांच्याकडे गेले की ते मशीन थांबवून, चौकटीकडे बघत म्हणतात, "तुझ्या आईचं आज काहीतरी बिनसलंय हं." त्यांना माझा हिरवा पडदा द्यावा. त्या भिंतीवर दुपारचे ऊन येते.

इथवर लिहून झाले आणि आत्या साक्षीदाराची सही करायला आली. साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकील म्हणाले होते. ते सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे सही करायची आणि हात हलवत घरी जायचं? बाई गं, नातं आहे की ठिगळ!" मग चष्मा लावून सगळे वाचू लागली. वाचायची गरज नसते, असे मी म्हटले. ती चौथ्या कलमापाशी थांबली.

"कपाट उघड."

मी सगळ्यात स्वच्छ अंक तिच्यापुढे ठेवला. तिने भिंगसुद्धा घेतले नाही.

"ही तुझी आई नव्हे."

"बाबा म्हणायचे..."

"दादा म्हणायचा, म्हणून मी गप्प बसले. त्याला शोधायला काहीतरी हवं होतं, नाहीतर त्याने त्याच पुलावरून उडी घेतली असती. पोरी, कठडा बघ. हिच्या खांद्याला लागतोय. तुझी आई माझ्याहून वीतभर उंच. पूल बांधून होत आला तेव्हा आम्ही दोघी बघायला गेलो होतो, त्याच कठड्यावर कोपरं टेकून उभ्या होतो. पोटात तुझा भाऊ होता."

"मग ही कोण?"

"मला काय ठाऊक? असेल कुणाची तरी."

७. हे कलम मी पुलावर जाऊन आल्यावर लिहीत आहे. कठडा जुनाच आहे. मी आत्याएवढी आहे. माझे कोपर त्यावर सहज टेकले. आत्या खरे बोलते.

तेव्हा कलम चार, पाच आणि सहामध्ये त्या फोटोबद्दल "आई" असे लिहिले आहे, तिथे "एक अनोळखी बाई" असे वाचावे. मूळ शब्द खोडायला हवेत, पण खोडाखोड केली की तिथे सही करावी लागते, आणि त्या शब्दाशेजारी सही करायला माझा हात होत नाही. आई त्या दिवसाच्या कोणत्याच अंकात नाही. हे समजूनही मी कपाट बंद करण्याआधी पुन्हा भिंग लावले. ती बाई माझ्याकडेच पाहत होती.

८. जाळण्याची सूचना मी रद्द करते. आमच्या कपाटात ती बाई इतकी वर्षे कोंडून राहिली, आणि कदाचित कुणी तिलाच शोधत असेल. पुलाच्या दिवशी जन्मलेले कुणी आले तर त्याला हा अंक जोडीतला दुसरा म्हणून द्यावा. एक अंक गल्ल्याजवळ सावलीत, पहिले पान वर करून ठेवावा. कुणी त्या बाईपाशी बोट ठेवून थांबले तर घाई करू नये. खुर्ची द्यावी. अंक तसाच देऊन टाकावा, पैसे घेऊ नयेत.

९. भावाला सगळे सांगावे, आई अल्बम घेऊन गेली तेसुद्धा. आत्याने सांगावे, तिने आईला पाहिले आहे. शिंपीकाकांनाही कळवावे. ते काय म्हणतील ते मला ठाऊक आहे: "मग काय झालं? ओळख तर झालीये ना!" पडदा त्यांना द्यावाच.

१०. भावजयीने उद्याचा आणि परवाचा अंक माझ्यासाठी घेऊन ठेवावा. नेहमीचा नियम माझ्याही जोडीला लागू आहे: आधी वाचायचे, मग द्यायचे. परवाचा वाचायला मी स्वतः असावे, एवढीच इच्छा आहे.

सही (स्वहस्ते)

साक्षीदार पहिली: आत्या. वाचून सही केली. कठड्याचे लिहिले आहे ते खरे.

साक्षीदार दुसरे: शेजारचे चष्मेवाले. न वाचता सही केली, तसेच करायला सांगितले होते.

स्थळ: दुकानाची मागची खोली, कपाट उघडे.

दिनांक: सोबत जोडलेल्या अंकावर आहे तो. बातम्या मात्र त्यात कालच्या आहेत.