आजीच्या बाडातली सहा पानं

३ फेब्रुवारी, मंगळवार

आलं एकदाचं! पाच महिने, चार पत्रं, दोन ग्रंथालयं. आजीच्या आठवणींचं बाड — टंकलिखित, कधीच न छापलेलं. आजी एका गुरूंच्या पंथातल्या पहिल्या अकरा अनुयायांपैकी एक. आई सहा वर्षांची असताना तिला तिच्या मावशीकडे ठेवून गुरूंच्या मागे गेली, ती गेलीच.

पंथाच्या ग्रंथालयाने बाड आमच्या ग्रंथालयाकडे चार आठवड्यांसाठी पाठवलंय. घरी न्यायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, तिथेच बसून वाचायचं.

आईला सांगितलं. कशाला उगाच यातायात, म्हणाली, आणि कूस बदलून पडून राहिली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यातून अर्धा दिवस सुटी. सकाळभर लोकांच्या दातांच्या वेळा लिहून मान आखडलेली, त्यात ग्रंथालयातली ती खुर्ची. ग्रंथपालबाईंनी पेन काढून घेतलं, पेन्सिल दिली. मी त्यांचं नाव पेन्सिलबाई ठेवलंय. मनातल्या मनात.

चाळीस पानं झाली. गुरूंचं चालणं, गुरूंचं मौन, गुरूंचा खोकला. खोकल्यावर दीड पान! आईवर ओळ नाही.

घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं, किती पानं झाली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सत्तावन्ननंतर थेट चौसष्ट. मधली सहा पानं नाहीत. सत्तावन्नवर आजी निघायचं ठरवते. चौसष्टवर तिला तिथे पोचून आठवडा झालेला. म्हणजे निघाली तो दिवसच गायब.

पेन्सिलबाईंनी शिवण उजेडात धरून पाहिली. फाटलेली नाहीत, कुणीतरी नीट सोडवून काढलीत, म्हणाल्या. पंथाच्या ग्रंथालयाला पत्र टाकणार आहेत.

१४ फेब्रुवारी

दमले. आईचं अंथरूण दोनदा बदललं. बाकी काही नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बाड संपलं. दोनशे अठरा पानं. आईचं नाव एकदाही नाही. एका बोक्याचं मात्र तीनदा आहे.

घरी आले तर आई उशीला टेकून बसलेली. माझी वाट बघत. म्हणाली, "माझं काही आहे का गं त्यात?"

काय सांगणार होते? वही उघडली, आणि उतरवून आणल्यासारखं वाचत गेले — 'मुलगी फाटकापर्यंत धावत आली. माझा हात सोडेना. तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. वळणापर्यंत तिचं रडणं ऐकू येत होतं. मी मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गेले नसते.'

आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, पुन्हा वाच.

पुन्हा वाचलं. कोऱ्या पानावरून शब्दाला शब्द जुळवताना घाम फुटला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कामात लक्ष नाही. एका बाईंना चक्क रविवारी बोलावलं, दवाखाना बंद असताना. आयुष्यभर ज्या आईने मला खोटं बोलू दिलं नाही, तिच्याशीच धडधडीत खोटं बोलले. आई मात्र आज पोटभर जेवली. कितीतरी दिवसांनी.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

बाड परत गेलं. त्याआधी पेन्सिलबाईंनी पंथाच्या ग्रंथालयाचं उत्तर माझ्या हातात ठेवलं. पानं अठ्ठावन्न ते त्रेसष्ट तीस वर्षांपूर्वी काढून टाकली आहेत — लेखिकेच्या मुलीच्या लेखी विनंतीवरून. सोबत त्या अर्जाची प्रत.

आजीला मुलगी एकच. अक्षरही आईचंच, ते उजवीकडे कललेलं.

म्हणजे ती पानं तिने वाचली होती. मी थापा मारत होते तेव्हा ती सगळं जाणून ऐकत होती! लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आले, भात टाकला, पत्र पिशवीतच ठेवलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी चहा देताना पत्र वाचून दाखवलं. माफी मागितली.

आई भिंतीकडे बघत म्हणाली, "तिने लिहिलं होतं, पोर हसत होती. हात हलवून जा म्हणाली. सहाच्या सहा पानं तेच. छापू का म्हणून मला विचारलं पंथवाल्यांनी. मी कळवलं, काढून टाका."

कप माझ्या हातात दिला.

"तू वाचलंस ना, तसंच झालं होतं. बोटंसुद्धा."