गोदावरी सोल पार्टीची वाटणी

लिहून ठेवणार गोरक्ष सहादेव आल्हाट, वय अंदाजे चोवीस, शिक्षण मराठी चौथी, धंदा पूर्वी बँडवाला, हल्ली मालवाहू जहाजावर खलाशांच्या चुलीपाशी हाताखालचा माणूस. कायमचा राहणार कोपरगाव, जिल्हा अहमदनगर. आजचा मुक्काम अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स बंदर. मी पूर्ण शुद्धीवर आहे. ताप नाही, दारू नाही, कुणी दरडावून लिहून घेत नाही. उलट आनंदानं हात इतका पळतो आहे की अक्षर मागं राहतं. ते वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

एवढ्या तरण्या माणसाला मृत्युपत्राची काय घाई, असं आमच्या खलाशांचे मुकादम सारंग फक्रुद्दीनचाचा यांनीही विचारलं. घाई अशी, की मिलो ज्वारी भरून झाली की जहाज मुंबईला निघणार. सुएझचा कालवा बंद, म्हणून सगळ्या आफ्रिकेला वळसा. मागल्या खेपेला त्या टोकावर दर्यानं आम्हाला असं घुसळलं, की डाळीचा टोप छताला लागून खाली आला. आणि दुसरी घाई जास्त मोठी. संक्रांतीनंतर नगरला आमच्या पार्टीचा स्टेजवर कार्यक्रम आहे. सुपारी घेतलेली आहे. तिथं आमची गाणारी सरवरीआपा हिनं सगळ्यांच्या पुढं उभं राहून गावं, एवढ्यासाठी हा सगळा कागद आहे, आणि त्या दिवशी मी पाण्यावर असणार.

नुसतं पत्र धाडलं तर पार्टीचा म्होरक्या छगनदादा ते वाचून खिशात घालील. मृत्युपत्र म्हटलं की माणसं गप बसून शेवटापर्यंत ऐकतात. आमच्या जहाजावरचा राधाकृष्ण, राहणार राहाता, हात मोडल्यामुळं विमानानं घरी चालला आहे. त्यानं हा कागद पार्टीच्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावा.

कलम पहिलं. गोदावरीच्या बेटाजवळची पत्र्याची खोली व तिच्यातली भांडीकुंडी माझी आई गोजरबाई हिची. ती तिचीच होती, मी नुसता झोपायला होतो. पगारही कंपनीतून तिच्याकडंच जातो. आईनं शेजारच्या भागूबाईशी भिंतीपलीकडच्या चार बोटं जागेवरून भांडण सोडावं. किंवा सोडू नये, तिला तेवढंच बरं वाटतं.

कलम दुसरं. माझा साईड ड्रम, काठ्यांसह, गहिनीनाथाला. तो मोठा ढोल वाजवतो आणि गेली पाच वर्षं माझ्या ड्रमकडं दुसऱ्याच्या ताटातल्या मटणाकडं बघावं तसं बघतो. आम्ही दोघं एकाच दिवशी छगन ब्रास बँडमध्ये लागलो. तेव्हा छगनदादा ट्रम्पेटला पुढं, त्याच्या शेजारी नूरमहंमद, क्लॅरोनेटला श्रीमंत आणि मागं आम्ही दोघं बडवणारे. वराती वाजवल्या, कारखान्याच्या मोळीपूजनाला वाजवलं, पुढाऱ्यांच्या मिरवणुकीत निवडून आलेल्याचंही वाजवलं आणि पडलेल्याचंही.

कलम तिसरं. माझा बँडचा लाल कोट, काखेत उसवलेला, श्रीमंताला द्यावा. श्रीमंत आम्हाला सोडून संगमनेरच्या बँडमध्ये गेला, का, तर तिथल्या कोटाला खांद्यावर सोनेरी झुपके होते. जाताना मी विचारलं, "अरं, झुपक्यानं सूर चांगला लागतो का?" तर म्हणतो, "सूर हाय तोच हाय, पन पोरीचा बाप बघतो ना." लग्न त्याचं अजून झालेलं नाही. हा कोट त्यानं घरात खुंटीला लावावा.

श्रीमंत गेला आणि पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. लग्नं बंद, वाद्यं पेटीत. छगनदादापासून माझ्यापर्यंत सगळे सरकारी कामावर खडी फोडायला. नूरमहंमदची थोरली बहीण सरवरीआपा, नवऱ्यानं टाकलेली, तीही त्याच ढिगावर होती. ती हातोडी मारता मारता ओळ म्हणायची आणि बाया तीच ओळ मागून उचलून झील धरायच्या. तिच्या आवाजात असं काही होतं की मुकादम हजेरी घ्यायचं विसरायचा. तिच्या ओळीच्या मधल्या मोकळ्या जागेत बायांच्या हातोड्या पडत. मी खडी सोडून तेच ऐकायचो. पोट भरेना म्हणून मी मुंबई गाठली आणि फक्रुद्दीनचाचांच्या ओळखीनं जहाजावर चढलो, पण तो ठेका माझ्याबरोबर आला.

पहिल्या खेपेला इथं धक्क्यावर पोती उतरवणारा एक म्हातारा हबशी, मोझेसबाबा, याच्याशी दोस्ती झाली. मी त्याला डाळ दिली, त्यानं मला रविवारी त्यांच्या देवळात नेलं. तिथं एक बाई पुढं उभी राहिली. तिनं एक ओळ टाकली आणि सगळं देऊळ तिला झील द्यायला लागलं, आणि टाळी पडली ती नेमकी मोकळ्या जागेत. मी बाकावरून उठलोच. आमच्या देवीच्या गोंधळात झीलकरी मागं उभे असतात तेच, आणि खडीवर सरवरीआपा करायची तेच, फक्त बाजा वेगळा. मोझेसबाबाला विचारलं, ह्याला काय म्हणता? देवळात देवाचं म्हणतात तेव्हा वेगळं नाव, तोच आवाज बाहेर माणसांचं सुखदुःख गायला लागला की सोल, असं त्यानं हातवारे करून सांगितलं. त्याच्याकडून मी त्या गाण्यांच्या दोन तबकड्या घेतल्या.

कलम चौथं. त्या दोन्ही तबकड्या पार्टीच्या सामाईक. नूरमहंमदनं त्या सांभाळाव्यात. यंदा पावसाळ्यात मी सुट्टीवर आलो तेव्हा त्याच आम्ही हॉटेलातल्या फोनोवर इतक्या घासल्या की मालक म्हणाला, "आता तबकडीच्या एका बाजूला एक चहा घ्यावा लागंल." चाली त्यांच्या घेतल्या, शब्द आपापले केले. छगनदादा आधी नाक मुरडत होता. तिसऱ्या दिवशी त्याचा पाय हलायला लागला आणि चौथ्या दिवशी त्यानं स्वतःच ट्रम्पेट काढला. पार्टीला गोदावरी सोल पार्टी हे नाव त्यानंच दिलं, हे मी कबूल करतो. फक्त गाणार कोण, ह्यावर अडलं. मी म्हणालो सरवरीआपा.

छगनदादा म्हणाला, "बाई पुढं आली की लोक तमाशा म्हनतील. वरातीला कोन बोलावनार?"

मी नूरमहंमदकडं बघितलं. तो म्हणाला, "माझ्याकडं काय बघतोस? तिचा गळा हाय, तिला इचार."

आपा म्हणाली, "मी गाते. कुटं उभं ऱ्हायचं ते तुमी ठरवा, तुमाला लई अक्कल."

आणि आम्ही काय ठरवलं? पोळ्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पार्टी उभी केली आणि मागच्या अंगाला ताडपत्री बांधून तिच्या आत आपाला बसवलं, माईक हातात देऊन. पुढं छगनदादा नुसतं तोंड हलवणार.

तो पोळा मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि मेल्यावरचं ह्या कागदात लिहून ठेवतो आहे. दुष्काळात छावणीतून जगून आलेले बैल, शिंगं रंगवलेली, बरगड्या अजून मोजाव्यात अशा. वेशीपाशी आपानं पहिली ओळ उचलली. भोंग्यातून तो आवाज निघाला आणि सगळी वेस हलली. दोन बैल उधळले. म्हातारे फेटे उडवायला लागले. आम्ही झील दिली तर मागून सगळं गाव झील द्यायला लागलं, कुणी शिकवलं नव्हतं. तीन वेळा तेच गाणं घ्यावं लागलं. शेवटी लोकांनी छगनदादाच्या गळ्यात हार घातले. त्या बाप्यानं तोंड उघडायला उशीर केला तरी बाईचा आवाज कसा येतो, हे कुणी विचारलं नाही. नगरचे एक गृहस्थ तिथं होते, त्यांनी जागेवर सुपारी दिली. स्टेज, पडदा, लाईट, सगळं.

मी परत निघालो तेव्हा आपा ताडपत्रीची दोरी सोडत होती. मी म्हणालो, आपा, लई भारी झालं.

ती म्हणाली, "आत ऊन लागत न्हाई, एवढं बरं हुतं." मग दोरी गुंडाळत म्हणाली, "गोरक्षा, त्या दर्यापारच्या बाईला कुनी झाकलं हुतं का?"

"न्हाई."

"मग नगरला मी झाकून गानार न्हाई. एक तर पुढं, न्हाई तर खडीवर."

छगनदादानं हे ऐकलं आणि "बघू, इंगेत, पडद्याच्या कडेला उभी करू," असं म्हणून चिलीम पेटवली. त्याचं ते बघू मला पुरतं ठाऊक आहे. लग्नाच्या जेवणाला पण तो पोरांना बघूच म्हणतो.

कलम पाचवं, हे सगळ्यांनी नीट ऐकावं. राधाकृष्णाच्या हातातल्या काळ्या पेटीत सॅक्सोफोन आहे. मोझेसबाबाच्या धाकट्या भावाचा. भाऊ लढाईवर गेला तो आला नाही. मोझेसबाबानं ह्या खेपेला आपाची सगळी गोष्ट ऐकली आणि पेटी माझ्या मांडीवर ठेवून एकच अट घातली, की हा वाजत राहिला पाहिजे. हा सॅक्सोफोन मी सरवरी, नूरमहंमदची बहीण, हिला देतो. पूर्ण मालकी तिची. पार्टीला तो पाहिजे असेल तर मालकिणीला घेऊनच मिळेल, आणि ती उभी राहील तिथून दोन पावलं मागं तो वाजेल, पुढं नाही. आता वाजवणार कोण? क्लॅरोनेटवाल्याच्याच बोटांना तो लवकर बसतो, म्हणजे श्रीमंत. हे लिहिताना मला त्रास होतो, पण खरं आहे. त्यानं झुपके संगमनेरला ठेवून यावं. आपानं त्याला आठवडाभर रांगेत उभा करावा, मगच हात लावू द्यावा.

आपाच नको म्हणाली, तर पेटी तिच्या घरी राहील, कुणी मागायला जायचं नाही.

कलम सहावं. ट्रॉलीवरची ताडपत्री माझी आहे, मुंबईहून मी आणलेली. ती छगनदादाच्या घराच्या गळक्या छपराला द्यावी व हा कागद वाचल्याच्या दिवशीच खिळे ठोकून पक्की करावी. दादा, राग धरू नये. मला काठी धरायला तूच शिकवलंस. पहिल्या वरातीत मी ठेका चुकलो तेव्हा तू मागं न बघता ट्रम्पेट माझ्या चुकीवर आणून बसवलास, कुणाला कळलं नाही. तसंच आता आपाच्या मागं उभं राहून कर. तिचा पहिल्यांदा आवाज कापला तर तू आहेस, म्हणून मला तिकडं दर्यावर धास्ती नाही.

हे इथपर्यंत फक्रुद्दीनचाचांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बाबा, मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं. तू तर दोन माणसांचं जेवतोस."

मी म्हणालो, "चाचा, माझ्या मरनापर्यंत नगरचा कार्यक्रम थांबंल का?"

त्यांनी दाढी खाजवली. म्हणाले, "मग तसं लिही."

म्हणून कलम सातवं आणि शेवटचं. वरील सर्व वाटणी मी हयात असताना, कागद वाचल्या घटकेपासून लागू आहे. मी जिवंत परत आलो तरी काहीही मागं घेणार नाही. ड्रम गहिनीनाथाचा झाला तो झाला. पार्टीत माझी ठरलेली जागा कुठलीही नाही. मी कोपरगावला उतरून सरवरीआपाकडं जाईन आणि जागा आहे का विचारीन. तिनं हो म्हटलं तर शेवटच्या रांगेत उभा राहून झील धरीन, टाळी वाजवीन. तिनं नाही म्हटलं तर तिकीट काढून खाली बसेन, आणि झील तरीही धरीन.

सही: गोरक्ष सहादेव आल्हाट
मुक्काम न्यू ऑर्लिन्स बंदर, जहाजाची चूल
दिनांक २ डिसेंबर १९७३, रविवार

साक्षीदार:
१. फक्रुद्दीन, सारंग, राहणार दापोली. लिहिणाऱ्यानं आमच्यासमोर राजीखुशीनं सही केली. सही करताना त्याचा पाय टेबलाखाली सारखा वाजत होता, त्यामुळं सही वाकडी आहे, ती त्याचीच समजावी.
२. राधाकृष्ण, राहणार राहाता. उजवा हात प्लास्टरात असल्यानं डाव्या हाताचा अंगठा. पेटी मी मांडीवर घेऊन नेईन, सामानात देणार नाही.