अनुगाकला निघालेलं हेलिकॉप्टर

५ सप्टेंबर २००४

पोचलो एकदाचा! अलास्काच्या या टोकाला रस्ता येतच नाही, विमानानेच यावं लागतं. हँगरमध्ये माझं लाल हेलिकॉप्टर उभं आहे. जुनं, चार सीटचं, पण चकचकीत ठेवलंय. नदीकाठच्या गावांना औषधं, पीठ, टपाल आणि पवित्र शास्त्राच्या प्रती पोचवायच्या, आजाऱ्यांना इथल्या दवाखान्यात आणायचं, हे माझं काम. मिशनचे प्रमुख पाळक वॉरन यांनी मिठीच मारली. अहमदनगरचा शैलेंद्र गायकवाड अलास्कात सेवेला आला, यावर ते रविवारी बोलणार आहेत म्हणे. माझी बायको सोनल डिसेंबरपर्यंत नेपरव्हिलला तिच्या भावाकडेच राहील. फोनवर म्हणाली, तिथे कुणाशी भांडू नकोस.

२० सप्टेंबर

आज अनुगाकची पहिली फेरी. शेवटचं गाव, पुढे नुसती नदी आणि समुद्र. तिथलं आरोग्याचं काम अ‍ॅग्नेस नावाची म्हातारी बघते. रोज दुपारी रेडिओवर बोलते, कोण आजारी, काय संपलं. तिने सुकवलेला सामन मासा दिला; हेलिकॉप्टरभर वास सुटला आणि मला बाजारातले सुके बोंबील आठवले. तिची नातवंडं, पीटर आणि अ‍ॅना, हेडफोनवरून भांडत होती. शेवटी दोघांनाही गावावरून एक चक्कर मारून आणली. अ‍ॅना खिडकीला नाक लावून बसली होती.

११ नोव्हेंबर

रागाने एक पान फाडलं, पुन्हा लिहितोय.

अ‍ॅग्नेसने सकाळी रेडिओवर सांगितलं, दोन्ही मुलांना श्वास लागलाय, हेलिकॉप्टर पाठव. मी निघालोच होतो. वॉरनने चावी खिशात टाकली. टेक्सासहून देणगीदार आलेत, त्यांना नवं चर्च वरून दाखवायचंय. सरकारी बचाव पथकाला कळवलंय, ते अनुगाकला जातील, असं म्हणाला. मग मी पाहुण्यांना फिरवलं. फोटो काढून घेतले त्यांनी, माझ्या खांद्यावर हात टाकून.

१२ नोव्हेंबर

बचाव पथकाला कुणी फोनच केला नव्हता. मी स्वतः विचारलं.

अ‍ॅग्नेसला मात्र वॉरनने रेडिओवर सांगितलं होतं की हेलिकॉप्टर निघालंय. ती मुलांना गुंडाळून मैदानात उभी राहिली. अंधारून आलं तेव्हा तिने त्यांना बर्फावर चालणाऱ्या स्नोमशीनवर बसवलं आणि नदीवरून दवाखान्याकडे निघाली. नदी अजून नीट गोठली नव्हती. वळणावर बर्फ फुटला.

तिघंही सापडली नाहीत.

मी वॉरनची कॉलर धरली. तो म्हणाला, “प्रभूची इच्छा, शैलेंद्र.”

प्रभूच्या नावावर खपवतोय! हरामखोर.

१६ नोव्हेंबर

राजीनामा दिला. पण दुसरा पायलट येईपर्यंत गावांना औषधं कोण नेणार? म्हणून थांबलोय.

दुपारी ऑफिसात रेडिओ वाजला. अ‍ॅग्नेसचा आवाज. हेलिकॉप्टर निघालं का, एवढंच विचारलं. वॉरन तिथेच होता. त्याने ऐकलं. कप खाली ठेवला आणि म्हणाला, गावातलं कुणीतरी चेष्टा करतंय.

कोण करेल अशी चेष्टा?

१९ नोव्हेंबर

रोज दुपारी. वॉरनने रेडिओ बदलला, तरी तेच. काल मी न राहवून बोललो: अ‍ॅग्नेस, चावी त्याच्याकडे होती. पलीकडे नुसतं पाणी हलल्याचा आवाज.

मागची सीट ओली असते. पुसतो, पुन्हा ओली. काचेवर नाकाचा ठसा आहे. आतल्या बाजूने.

भीती वाटतेच. पण त्याहून चीड जास्त आहे. ती माझ्याकडे का येते? वॉरनच्या बिछान्यात का नाही जात?

२२ नोव्हेंबर

वॉरन म्हणतो, उद्या अनुगाकला शोकसभा, तोच प्रवचन करणार. कॅमेरा घेऊन. गावकऱ्यांनी येऊ नका म्हणून निरोप दिलाय. तरी जाणार.

नाही म्हणणार होतो. मग म्हटलं, चल. त्यांच्या तोंडासमोर उभा राहा एकदा.

सोनलला फोन लावला. लागला नाही.

२३ नोव्हेंबर

अनुगाक नाही. नदीचं तेच वळण. मी उतरवलं नाही. हेलिकॉप्टरचा दांडा माझ्या हातात होता आणि दुसरं कुणीतरी खाली दाबत होतं — गार, म्हातारा हात —

इंजिन बंद पडलंय. चहूकडे धुकं. खाली बर्फ. बोटं वळत नाहीत, तरी लिहितोय, कुणाला तरी कळावं.

वॉरन मागे बसून प्रार्थना म्हणत होता. मध्येच थांबला. म्हणाला, माझ्या मांडीवर कुणीतरी चढतंय.

मग दार उघडून तो बाहेर पळाला —

मी मागे पाहिलं. पाहायला नको होतं. अ‍ॅना. पीटर. ओठ निळे. अजून श्वास घ्यायला धडपडताहेत. अजूनही. अ‍ॅग्नेस मधल्या जागेतून पुढे वाकली. रागावली असेल असं वाटलं होतं. तिने फक्त दवाखाना म्हटलं.

बेल्ट लावले मुलांचे. हात भाजावेत इतकी गार —

वॉरन दारावर थापा मारतोय. आत घे म्हणतोय. रडतोय. खालून बर्फ तडकतोय, ऐकू येतंय मला.

जागा नाही, अ‍ॅग्नेस म्हणाली.

इंजिन आपोआप सुरू झालं. त्याने काचेला तोंड लावलंय. त्याचा चेहरा — मला त्याचा इतका राग आहे, तरी — दाराची कडी माझ्या हाताशी आहे, अ‍ॅग्नेस माझ्या हाताकडे बघतेय, मी कडी