न विचारता जायची वाट

प्रिय ड्वेन,

कोर्टाच्या पायऱ्यांवरून तू पाठ फिरवून गेलास त्याला तीन आठवडे झाले. फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडायचं असलं तरी आधी उघडावं लागेलच.

हो, हॅल्वर्सनच्या रानातून डोंगरावर जाणारा रस्ता माझ्यामुळे गेला. ते रान विकत घेतलेल्या त्या नव्या मालकाच्या वकिलाने आपण हॅल्वर्सनला दिलेलं जुनं कार्ड माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, हे अक्षर कुणाचं? तू मागच्या बाकावरून मान हलवत होतास, नाही म्हण, नाही म्हण. मी म्हटलं, माझं. नऊ वर्षांची होते. "आम्हाला वर जाऊ दिल्याबद्दल आभार" हे बाबांनी सांगितलं, मी लिहिलं आणि खाली मोठ्या शिंगांचा एल्क हरीण काढला, त्याला पाच पाय झाले. बाहेर आल्यावर तू ओरडलास, "अगं, एक शब्द खोटा बोलली असतीस तर आभाळ कोसळणार होतं का?" नसतं कोसळलं. पण तो डोंगर सरकारी, म्हणजे सगळ्यांचा आहे हे सांगायला मी तिथे उभी होते. खरं असलेल्या गोष्टीसाठी खोटं कशाला बोलू?

दर सप्टेंबरला बाबा डोंगरावरच्या हकलबेरीच्या फळांच्या जॅमची बाटली घेऊन हॅल्वर्सनच्या दारात उभे राहायचे, टोपी हातात घेऊन. म्हातारा खेकसायचा, "अरे, रस्ता काय माझ्या बापाचा आहे? दर वर्षी काय विचारतोस?" बाबा म्हणायचे, "विचारलेलं बरं असतं." जॅम तेवढा तो ठेवून घ्यायचा. आता कायदा सांगतो, वर्षानुवर्षं न विचारता गेला असतात तर रस्ता सगळ्यांचा झाला असता. विचारलंत, म्हणजे ती मालकाची मेहेरबानी, आणि मालक बदलला की मेहेरबानी संपली. बाबांचा भलेपणाच आपल्याला नडला. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

लाकडाच्या गिरणीत राबणाऱ्या माणसाने आपल्याला हिवाळाभर एल्कचं मटण खाऊ घातलं ते कुठून? त्याच डोंगरावरून. तिथल्याच तळ्यावर तू पहिला ट्राउट मासा धरलास आणि त्याच्यामागोमाग बुटांसकट पाण्यात गेलास. आज रस्त्यावर साखळी आहे आणि कुंपणाच्या खांबांना 'आत येऊ नये'चा नारिंगी रंग फासलाय. डोंगराची एक वीतही त्या गृहस्थाने विकत घेतलेली नाही, पण आपण सगळे मालक साखळीच्या अलीकडे उभे आणि डोंगर त्याचं परसदार झालाय. परवा त्याचा व्यवस्थापक आला होता. "बाई, तुम्हाला विचारायची सवय आहेच की. साहेब वर्षातून एक आठवडा सोडतील." मी त्याला दारातूनच परत पाठवला. कॉफीसुद्धा विचारली नाही, आणि आपल्या घरात हे कधी झालेलं नाही हे तुला ठाऊक आहे.

त्या संतापातच मी आपल्या गवताच्या रानात गेले. त्याचं वरचं टोक डोंगराच्या सरकारी हद्दीला चिकटलेलं आहे. मधे दलदल आहे म्हणून आपण तिकडे कधी वळलोच नाही. मी काठी टेकत पार केली, ड्वेन. सगळीकडे घोट्याएवढंच पाणी, एका जागी गुडघ्याएवढं. गुडघ्याच्या जागी पडले, तो भाग सोडून देते. गिरणीतले निवृत्त लोक, शाळेच्या बसची ड्रायव्हर मार्लिस, सगळे दलदलीवर टाकायला फळ्या घेऊन आलेत. अर्ध्याच्या वर वाट झाली आहे.

पण ते रान आपल्या दोघांच्या नावावर आहे, आणि नव्या मालकाने त्यासाठी तुला पत्र धाडलंय हे मला कळलंय. तुझ्या मनात विकायचं आहे, हेही. म्हणून सोबतचा कागद. त्यात लिहिलंय की या वाटेने कुणीही, कधीही, बंदूक किंवा गळ घेऊन किंवा रिकाम्या हाताने जावं. कुणी विचारायचं नाही, कुणी आभार मानायचे नाहीत, आणि हा हक्क पुढे कुणालाही परत घेता येणार नाही, तुला नाही, मला नाही. माझी सही झाली आहे. तुझ्या सहीशिवाय त्या फळ्या म्हणजे नुसतं जळण. शनिवारी शिकारीचा हंगाम उघडतोय. त्याआधी सही करून पाठव. या डोंगरासाठी कुणाकडे काही मागायची ही माझी शेवटची वेळ.

तुझीच थोरली,
लोर्ना