तीन पायांचा कुत्रा

४ मार्च
आजपासून मी स्टेशनमास्तरची मुलगी! माझ्या साक्षीवरून एक गुंड आत गेला, पण त्याची माणसं मोकाट आहेत. म्हणून सरकारने मला नवं गाव दिलं, नवं नाव दिलं, बालपणसुद्धा नवंकोरं. पोलीससाहेबांनी सगळं माझ्याकडून घोकून घेतलं — बाबांच्या सारख्या बदल्या, शाळेतली मैत्रीण एकही नाही, घरी तीन पायांचा कुत्रा.
"कुत्रा कशाला?"
"ताई, लोक कुत्र्यातच गुंततात. पुढचं विचारत नाहीत." स्वतःवर काय खूश होते!
शिवणयंत्राला मात्र हात लावायचा नाही. जुना धंदा माणसाला पकडून देतो म्हणे.

९ मार्च
दिव्यांच्या दुकानात नोकरी. दिवसभर बल्ब विकते आणि गिऱ्हाइकांच्या खांद्यांची मापं डोळ्यांनी घेते. खोड जात नाही!

२ एप्रिल
वरच्या मजल्यावर शाळेच्या बसचा ड्रायव्हर राहतो. एकटाच. बेसूर शिट्टी वाजवत जिना उतरतो. रोज गप्पा होतात, पण माझ्याबद्दल काही म्हणून विचारत नाही. एवढा घोकलेला कुत्रा वाया चाललाय!

२६ एप्रिल
त्याच्या शर्टाची बाही उसवली होती. राहवलं नाही, शिवून दिली. उलटसुलट करून बघत राहिला. "टाका दिसतच नाही हो!"
मी पटकन सुईदोरा लपवला. साहेबांना कळलं तर लगेच गाशा गुंडाळायला लावतील. आणि मला इथून हलायचं नाही. म्हणजे — त्याला सोडून हलायचं नाही. झालं, लिहिलं एकदाचं!

१० मे
त्याने लग्नाचं विचारलं! जिन्यातच, हातात भाजीची पिशवी. मी नुसती हसले आणि आत येऊन रडले. ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्यालाच थापा मारायच्या? खरं सांगावं तर त्याच्याही जिवाला घोर. उद्या चहाला बोलावलंय. 'नाही' म्हणून सांगून टाकणार.

११ मे
मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "आधी माझ्या घरचं ऐकून घ्या." घसा खाकरला, आणि शाळेत धडा म्हणावा तसा सुरू — वडील स्टेशनमास्तर, सारख्या बदल्या, शाळेतला मित्र एकही नाही. "आणि आमच्याकडे एक कुत्रा होता..."
"तीन पायांचा," मी म्हटलं.
कप त्याच्या हातातच राहिला. मग आम्ही दोघं पोट दुखेपर्यंत हसलो. आळशी मेले साहेब!
नाही म्हणायचं राहूनच गेलं.