शेजारची चावी

रविवार, संध्याकाळ

दुपारी टीव्हीवर एक सिनेमा पाहिला. नवरा-बायको दोघांचीही नोकरी जाते आणि ते घरफोड्या करायला लागतात. चोरी करता करता बायको त्या घरातली खरकटी भांडी घासून ठेवते, तिथे मी आणि सुहास पोट धरून हसलो. त्याची नोकरी गेल्यापासून आमच्या घरात इतकं हसणं झालंच नव्हतं.

मग सिनेमातला नवरा शेजाऱ्यांनी विश्वासाने ठेवायला दिलेली चावी काढतो. आमचं हसणं थांबलं. दोघांनीही दाराजवळच्या खिळ्याकडे पाहिलं का? मी तरी पाहिलं. शेजारच्या मालतीकाकू गावाला जाताना चावी आमच्याच खिळ्याला अडकवून जातात. सासूबाई होत्या तेव्हापासून चाळीत हे असंच चालत आलंय.

सिनेमा संपल्यावर सुहासने खिळ्यावरची चावी काढून माझ्या हातात दिली. "उद्यापासून ही तू ऑफिसला घेऊन जात जा."

"अरे, आणि काकूंच्या तुळशीला पाणी?"

"तू आल्यावर घाल. मी दिवसभर एकटा असतो गं घरी."

मी चावी पर्समध्ये टाकली. तो बिचारा स्वतःलाच घाबरलाय. काकूंच्या कपाटाची चावी तांदळाच्या डब्यात असते, हे त्याला माहीतसुद्धा नाही. काकूंनी ते फक्त मला सांगितलंय. आणि दुपारी त्या खिळ्याकडे पाहिलं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो तांदळाचा डबाच.